मिटता मिटेना

खिशात चाकू बाळगणारा माणूस आयुष्याकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवून असतो. कधीतरी घाटात गाडी बंद पडेल, कुणीतरी दोरीला लटकलेलं असेल, जंगलात रात्र काढायची पाळी येईल, आणि बाकीचे सगळे हातपाय गाळून बसले असताना आपण शांतपणे खिशात हात घालू, अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला दुधाची पिशवी, कुरियरच्या खोक्यावरची चिकटपट्टी आणि फार तर एखादा पेरू येतो. दुधाची पिशवी बायको कात्रीने कापते, चिकटपट्टी मुलगी घराच्या किल्लीने फाडते, आणि पेरूवाला स्वतःच पेरू कापून वर तिखटमीठ लावून देतो. तरीही मी चाकू बाळगतो. संकट काय सांगून येतं?

हा चाकू मला मामाकडून आला. मामा रेल्वेत होता आणि त्याच चाकूने सफरचंदाची साल एकदाही न तुटू देता काढायचा. तो गेल्यावर मामेभावाला कांदिवलीचा फ्लॅट मिळाला आणि मला चाकू. वाटणीबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या इमारतीला लिफ्ट नाही.

शिसवी मूठ, तिच्या दोन्ही टोकांना पितळ, तीन इंचांचं पातं आणि ते नखाने ओढून काढायला पात्यावर एक खाच. ती खाच वापरायची वेळ मात्र येत नसे, कारण पातं आपण होऊन उघडायचं. मागची पट्टी सैल झाली होती, आतली खीळ झिजली होती, आणि उघडलेलं पातं पहिलीतल्या पोराच्या पुढच्या दातासारखं दोन्ही बाजूंना हलायचं. मिटलं तरी टोक बाहेर डोकावून राही. त्यामुळे माझ्या एकूण एक पँटींच्या उजव्या खिशाला भोक होतं आणि सुट्टे पैसे संध्याकाळी मोज्यात सापडत. धारेविषयी न बोललेलं बरं. लोण्यातून जायलाही तिला मागून धक्का द्यावा लागे.

"टाकून द्या तो," बायको म्हणाली.

"अगं, अजून चांगला आहे."

आमच्या माळ्यावर जे काही आहे ते सगळं हेच वाक्य ऐकून वर चढलेलं आहे. माळ्यावर आता जागा नाही, म्हणून मी पुढचं वाक्य उच्चारलं, "मी घरीच दुरुस्त करतो."

ह्या घोषणेनंतर आमच्या घरात एक विशिष्ट शांतता पसरते. आईने देवापुढे निरांजन लावलं. मुलीने वायफायचा राऊटर उचलला आणि स्वतःच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

मिटणाऱ्या चाकूची रचना समजायला अगदी सोपी असते, आणि माणूस फसतो तो तिथेच. मुठीच्या दोन फळ्या, मधे पातं, पात्याच्या बुडातून आरपार गेलेली एक खीळ, आणि पाठीला पोलादाची एक लवचिक पट्टी. ही पट्टी पात्याच्या बुडाला सतत दाबून धरते. बुडाच्या दोन बाजू सपाट असतात. त्यांतली एक पट्टीखाली आली की चाकू उघडा राहतो, दुसरी आली की मिटलेला राहतो, आणि मधल्या प्रवासात बुडाचा कोपरा पट्टीला वर उचलतो. कुलूप नाही, बटण नाही, सगळा कारभार दाबावर चालतो. ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाटला हाडाच्या मुठीचा असा एक मिटणारा चाकू सापडला आहे, तो इसवी सनापूर्वी 500-600 वर्षांचा मानतात. म्हणजे गेली अडीच हजार वर्षं माणूस पातं मुठीत घालतो आहे, आणि मला खात्री आहे की त्यातली निम्मी वर्षं तरी ते डुलतं आहे.

पण ज्ञान ही वेगळी गोष्ट आणि सल्ला ही वेगळी. चाकू दुरुस्त करायला काढल्यावर माझ्या लक्षात आलं की धार, गंज आणि तेल ह्या तीन विषयांवर मत नसलेला माणूस महाराष्ट्रात जन्माला आलेला नाही. निवडणुकीबद्दल लोक हातचं राखून बोलतात. गंजाबद्दल नाही.

सुरुवात घरातून झाली.

"चिंच लाव," आई म्हणाली.

"आई, चिंच पितळेला लावतात. हे पोलाद आहे."

"टोकांना पितळच आहे की!"

युक्तिवाद बिनतोड होता. चिंच लावली. टोकं देव्हाऱ्यात ठेवण्याइतकी उजळली आणि पातं काळंठिक्कर पडलं. ह्याचं कारण शास्त्रीय आहे. न गंजणाऱ्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असावं लागतं. मामाच्या चाकूचं पातं जुन्या वळणाचं, साधं. त्याला गंज चढतो, आंबट लागलं की ते काळवंडतं, पण धार मात्र चटकन घेतं. हे मी घरच्यांना नीट समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे मीठही लावायला हवं होतं."

बायकोच्या माहेरी गंजावर रॉकेल वापरत. "रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा," ती म्हणाली.

"रॉकेल म्हणजे काय?" मुलीने विचारलं.

त्यावर आम्ही दोघं एकदम म्हातारे झालो आणि तो विषय तिथेच थांबला. शेवटी शेजाऱ्यांनी एक निळा-पिवळा फवाऱ्याचा डबा आणून दिला. त्याचं नाव डब्ल्यूडी-40. ओलावा हटवणारं हे मिश्रण अमेरिकेत 1953 साली चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं, म्हणून नावात 40. हे कळल्यावर मला मोठा धीर आला. चाळिसाव्या प्रयत्नापर्यंत माझ्याकडे अजून भरपूर जागा होती.

गंज निघाला, पण डुलणं तसंच राहिलं. डुलणाऱ्या पात्यावर उपाय एकच: खिळीचं डोकं ठोकून पसरवायचं, म्हणजे दोन्ही फळ्या जवळ येतात आणि पातं घट्ट बसतं. त्यासाठी एक छोटी गोल डोक्याची हातोडी आणि खाली ऐरण लागते. घरात लोखंडी खल होता, तो मी पालथा घातला. हातोडीच्या जागी बत्ता घेतला. घरात निम्मी लोहारशाळा असते, फक्त तिला वेलदोड्याचा वास येतो.

मी ठोकायला लागलो. जाणकार सांगतात की अगदी हळू, टिचक्या मारल्यागत ठोकावं आणि दर दोन ठोक्यांनंतर पातं हलवून बघावं. पण बत्त्याला टिचकी मारता येत नाही, त्याचा तो स्वभावच नाही. थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे काका आले होते. आवाजाबद्दल बोलणार म्हणून मी क्षमेचं वाक्य तोंडात तयार ठेवलं.

"चुकीचं ठोकताय," काका म्हणाले.

काका सहकुटुंब युरोप करून आले आहेत. तिथून त्यांनी चॉकलेटं वाटायला आणली आणि लाल मुठीचा स्विस चाकू दाखवायला. तो त्यांनी आत्ताही सोबत आणला होता. त्यात मोठं पातं, छोटं पातं, कात्री, करवत, बूच काढायचा मळसूत्री आकडा आणि चिमटा होता. दातकोरणी परतीच्या प्रवासातच हरवली होती. कार्ल एल्सेनर नावाच्या माणसाने 1884 साली इबाख गावात कारखाना काढला, 1891 पासून तो स्विस सैन्याला चाकू देऊ लागला आणि 1897 साली हा अधिकाऱ्यांचा चाकू आला, हे काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं. आई गेल्यावर एल्सेनरने आईच्याच नावावरून मालाचं नाव ठेवलं, व्हिक्टोरिया; पुढे न गंजणारं पोलाद आलं तेव्हा त्या नावाला शेपूट जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. ह्या माहितीने माझी आई फार भारावली. आमच्याकडे आईच्या नावाने पोळीभाजी केंद्रं निघतात. चाकूचा कारखाना काढणारा मुलगा तिने आजवर पाहिला नव्हता.

मी गप्प बसायला हवं होतं, पण हातात बत्ता असला की माणूस बोलतो. "काका, स्विस सैन्याच्या चाकूंची पहिली खेप जर्मनीत, झोलिंगेनला बनवून घेतली होती."

काकांचा चेहरा उतरला. तो पुन्हा वर आणायला मी विचारलं, "ह्याने काय काय कापलंत आजवर?"

"छे छे," काका म्हणाले, "धार वाया घालवायची नसते."

ते गेल्यावर मी आणखी चार-दोन ठोके मारले, थोडे जोराचे. पातं आता अजिबात डुलत नव्हतं. ते मिटतही नव्हतं. मुठीबाहेर ताठ उभं राहून ते माझ्याकडे बघत होतं. दोन्ही हातांनी दाबलं, दारात अडकवून ओढलं, निळा-पिवळा डबा निम्मा रिकामा केला. मामाचा चाकू कायमचा उघडा झाला होता.

म्हणजे जुनी खीळ काढून नवी घालणं आलं. बाजारात हिला रिपीट म्हणतात. अशा वस्तूसाठी मुंबईत जायचं ते नागदेवी स्ट्रीटला. मस्जिद स्टेशनला उतरून थोडं चाललं की हत्यारं आणि लोखंडी-पितळी सामान ह्यांच्या दुकानांची रांग लागते. जाडी जुळवायला चाकू बरोबर न्यायला हवा, आणि तो तर मिटत नाही. उघडा चाकू हातात धरून सकाळची लोकल पकडली तर बसायला जागा नक्की मिळते, पण पुढचा प्रवास सरकारी गाडीतून होतो. जेवणाच्या डब्यात तो मावेना. चष्म्याच्या घरात मावेना. अखेर मुलीची जुनी कंपासपेटी सापडली. गुलाबी, झाकणावर मुकुट घातलेली राजकन्या. त्यात कर्कटकाच्या जागी चाकू तिरका बरोबर बसला.

स्टेशनाच्या दाराशी सामान तपासायला हवालदार बसले होते. पन्नाशीच्या माणसाच्या पिशवीत राजकन्येची कंपासपेटी पाहून त्यांना जो संशय यायचा तो आला.

"उघडा."

उघडली.

"हा काय प्रकार? मिटवा आधी तो."

"मिटत नाही साहेब."

"मग बरोबर घेऊन कशाला फिरता?"

"मिटत नाही म्हणूनच."

मग मी त्यांना कायदा सांगितला. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आमचं पातं जेमतेम तीन इंच. हवालदारांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पोलिसांना कायदा सांगणाऱ्या माणसाकडे ते ज्या दयेने बघतात त्या दयेने माझ्याकडे बघितलं. मग पातं बोटाने चाचपलं, मूठ कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाले, "रात्रभर रॉकेलात ठेवा."

माझ्या मागे रांग लागली होती. त्यातला एक जण म्हणाला, "रॉकेल नको, गाडीचं जुनं ऑइल." दुसऱ्याने खोबरेल सुचवलं. तिसऱ्याने हे तेलाचं कामच नव्हे, खिळीत बिघाड आहे, असं अचूक निदान केलं, पण तोवर त्याची जलद लोकल निघून गेली आणि त्याबद्दल त्याने मलाच दोन शब्द सुनावले.

नागदेवीच्या दुकानदाराने मात्र सल्ला दिला नाही. त्याला वेळ नव्हता.

"पितळी रिपीट आहेत? ह्या जाडीचे?"

"हैं ना. कितना किलो?"

"एक."

"एक किलो. और?"

"एक किलो नाही. एक नग."

दुकानात एकदम शांत झालं. तराजूवर बसलेल्या पोऱ्याने वर बघितलं. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, राजकन्येची पेटी पाहिली, आत पडलेला चाकू पाहिला आणि माझ्या एकंदर सांसारिक परिस्थितीचा अंदाज घेऊन म्हणाले, "पाव किलो से कम नहीं तुलता, साब." मी पाव किलो घेतले. माणसाने बाजारात गेल्यावर आब राखावा.

घरी आल्यावर जुन्या खिळीचं डोकं कानशीने घासून काढलं आणि एका खिळ्याने तिला मागून ठोकून बाहेर ढकललं. मग पाठीची पट्टी मोकळी करायला तिची खीळ काढली. इथे एक गोष्ट आधी कुणीतरी सांगायला हवी होती. सल्ला देणाऱ्या एवढ्या मंडळींपैकी एकानेही सांगितलं नव्हतं की वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली पट्टी सुटते तेव्हा उडते. टणकन आवाज झाला, ट्यूबलाइटपाशी काहीतरी चमकलं, आणि मग काहीच नाही.

पुढचे दोन तास आमच्या घराची जी सफाई झाली ती दिवाळीलाही होत नाही. फ्रिज पुढे ओढला. सोफा उलटा केला. रिमोटच्या सेलचं झाकण सापडलं. आईची गेल्या गणपतीपासून हरवलेली जपमाळ सापडली. एक लवंगी फटाका, गॅसच्या पासबुकातलं एक पान आणि मुलीच्या शाळेची सहलीची नोटीस सापडली. त्या सहलीला आम्ही तिला पाठवलं नव्हतं, आणि 'नोटीस दिलीच नव्हतीस' असं तिलाच बजावलं होतं. तो विषय त्या संध्याकाळी साद्यंत पुन्हा निघाला. पट्टी बायकोच्या केसांत सापडली.

पण नवी खीळ बसली! ह्या वेळी दोन्ही बाजूंना शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून फळी आणि पातं ह्यांच्या मधे सरकवला. खीळ ठोकून झाल्यावर तो ओढून काढायचा असतो, म्हणजे तेवढीच फट राहते आणि पातं जाम होत नाही. पत्र्यासाठी मुलीने आधी शीतपेय पिऊन दिलं, आणि घरच्या कामात वाटा उचलल्याबद्दल आणखी एक मागितलं. बत्ता बाद केला. समोरच्या सुताराकडून छोटी हातोडी आणली. त्यानेही सल्ला दिला, तो मी ऐकला नाही.

आणि मग पातं मिटलं. टक्! उघडलं. टक्! ज्याने हा आवाज स्वतःच्या हाताने तयार केलेला नाही त्याला त्यातलं सुख कळणार नाही. मी जेवताना टक् केलं, बातम्या बघताना टक् केलं, फोनवर बोलताना टक् केलं. रात्री दिवे मालवल्यावर मला वाटलं सगळे झोपले.

"ते टकटक बंद करा," अंधारातून आवाज आला.

राहता राहिली धार. खाली रस्त्यावरून धारवाला सायकल घेऊन नेमका दुसऱ्याच सकाळी ओरडत गेला. सायकल स्टँडवर उभी करून पायडल मारतो, ठिणग्या उडवतो आणि पाच मिनिटांत धार लावून देतो. पण इथवर आल्यावर त्याला हाक मारणं म्हणजे पंढरपूरला पायी जाऊन वेशीवरून रिक्षा करणं. मी व्हिडिओ बघितले. त्यात एक शांत चेहऱ्याचा माणूस 1000, 3000 आणि 8000 नंबरांच्या जपानी दगडांवर पाणी शिंपडत होता. आमच्याकडे दगड एकच, ओट्याचा कडप्पा. पण चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते तिच्यावर झकास धार लागते, हे मला कळलं. कप पालथा घालायचा, पातं साधारण 20 अंशांत धरायचं आणि दुसऱ्या बाजूच्या कडेला बोटाला बारीकसं कुसळ लागेपर्यंत एका बाजूने घासायचं. मग बाजू बदलायची.

कुठल्या कपाची कड चांगली हे वापरल्याशिवाय समजत नाही, म्हणून सगळे कप पालथे घातले. तेवढ्यात काका काकूंना घेऊन आले.

"चहा कशात देऊ?" बायकोने आतून विचारलं. तो प्रश्न पाहुण्यांसाठी नव्हता.

धार लागली की नाही ते तपासायला हातावरचे केस कापून बघतात. मी डाव्या हातावर बघितलं. मग खात्री व्हावी म्हणून पुन्हा बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत खात्री झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाने हळूच विचारलं, "काही मलम लावताय का?" दुसऱ्याने एका चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता दिला आणि वर कडुनिंबाचा पाला सुचवला.

आता चाकू तयार होता आणि कापायला काही नव्हतं. मी घरभर हिंडलो. वर्तमानपत्र कापलं. विजेचं बिल कापलं, ते भरायचं राहिलं होतं. टोमॅटो कापायला स्वयंपाकघरात गेलो तर आई विळीवर बसून, माझ्याकडे मान वर न करता, किलोभर गवार संपवत होती. तिच्या विळीला धार लावलेली माझ्या आठवणीत नाही. तेवढ्यात कुरियर आला. खोकं मी हिसकावलं. पातं टक् उघडलं आणि चिकटपट्टीवरून असं सुर्रकन गेलं की डोळ्यांचं पारणं फिटावं. चिकटपट्टी उघडली, पुठ्ठा उघडला आणि आतला बायकोच्या बहिणीने पाठवलेला सिल्कचा कुडताही उघडला, गळ्यापासून खालपर्यंत.

"फार छान धार लागली आहे," बायको म्हणाली. इतक्या शांत आवाजात तिने माझ्याशी साखरपुड्यानंतर बोलल्याचं स्मरत नाही.

सध्या चाकू कपाटात, कुलपात आहे. किल्ली कुणाकडे आहे हे सांगायला नको. त्याचं पातं डुलत नाही, टोक बाहेर येत नाही, धार उत्तम आहे. स्वतःच्या जबाबदारीवर कुणीही येऊन बघावं. तशी आमच्याकडे चाकू बघायला येणाऱ्यांची वर्दळ सुरूही झाली आहे. काल खालच्या काकांनी त्यांचा स्विस चाकू आणला होता. त्याची कात्री मिटत नाही. मी त्यांना रॉकेल सुचवलं.

एक शेवटचं. पितळी रिपीट, पाव किलो वजा एक, माझ्याकडे पडून आहेत. पितळ अस्सल आहे, जाडी मिटणाऱ्या चाकूला बरोबर बसते. डोंबिवली किंवा आसपास कुणाला हवे असतील तर संध्याकाळी सातनंतर घेऊन जावेत. पैसे नकोत, सल्लाही नको.